प्रीतिभोजनाची दुरडी

सोलापूरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या राहुरीकडची माणसं आधी लुगड्यांची चौकशी करतात, मग तिथल्या उन्हाबद्दल हळहळतात आणि शेवटी आपलं गावच बरं म्हणून कामाला लागतात. मी लुगडी पाहिली नाहीत. ऊन पाहिलं, ते तिथं पौषातही डोक्यावर बसतं. पण मी गेलो होतो निराळ्याच कामाला. शेजाऱ्यावर प्रीती कशी करावी, हे सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीला समजावून सांगायला मला बोलावलं होतं.

हे काम खरं तर मुंबईच्या एका नामांकित उपदेशकाचं. त्यांना ऐन वेळी पडसं झालं. मग कोणीतरी माझं नाव सुचवलं, कारण मी मिशनच्या शाळेत मास्तर आहे, मला सुट्टी होती आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. सोलापूरची मंडळी दर वर्षी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत प्रीतिसभा भरवते. ऐन जत्रेत का, तर आपली माणसं जत्रेला पळू नयेत म्हणून. दोन दिवस उपदेश आणि तिसऱ्या दिवशी प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्या मंडळीनं लहानमोठा भेद न करता एका पंगतीला बसून जेवणं. जे तिथं कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जे होते ते वाचणार नाहीत अशी आशा आहे.

कुर्डुवाडी

आगगाडीतला कंटाळा वगळतो. कुर्डुवाडीला एक लिंगायत व्यापारी डब्यात चढले. कपाळाला भस्म, हातात फडक्यात बांधलेला डबा. माझ्या शेजारी बसून त्यांनी घाम पुसला आणि विचारलं,

"कुटं निघाला?"

"सोलापूरला."

"कोण तुमी?"

"ख्रिस्ती."

"ते झालं की. आदी कोण?"

"आधीही ख्रिस्तीच. माझा जन्मच त्यातला."

"तुमचं न्हाय वो. आज्याचं इचारतोय मी."

आजा महारवाड्यातला, असं मी सांगितलं. व्यापारी जरा पलीकडे सरकले. त्यात राग नव्हता. अंगावर ऊन आलं की माणूस जागा बदलतो, तितकंच ते होतं. मग त्यांनी डबा सोडला, मी भाकरी काढलेली पाहिली आणि शेंगाची चटणी वीतभर वरून माझ्या भाकरीवर सोडली. "खावा. लई तिकट न्हाय," म्हणाले. चटणी चांगलीच तिखट होती आणि फार छान होती. मला खरं तर त्यांचा राग यायला हवा होता. पण पुढे सोलापुरात हाच प्रश्न मला आमच्याच लोकांनी विचारला, आणि त्यांनी चटणीही दिली नाही.

मिशनचं आवार

सात रस्त्यावरून टांगा वळला आणि कडुलिंबांच्या सावलीतलं मिशनचं आवार लागलं. पाळकसाहेब दारातच उभे होते. भला माणूस. आयुष्यात कोणालाही 'नाही' म्हटलं नसावं, त्यामुळे त्यांच्या 'हो'ला काय किंमत आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नी पाळकीणबाई उंच, करड्या केसांच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मुलींच्या बोर्डिंगचं कोठार आणि स्वयंपाकघर त्यांच्या हाती. त्यांचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले, ही माहिती मला चहा निवायच्या आत मिळाली. ती देणारे याकोबराव. मंडळीनं निवडलेल्या वडिलांपैकी सगळ्यांत मानाचे. पांढरा फेटा, पॉलिश केलेले बूट.

"मास्तर, आपलं मूळ गाव?" याकोबरावांनी विचारलं.

"राहुरी."

"गावात, की गावाबाहेर?"

"बाहेर," मी म्हणालो.

"आम्हीही तसे बाहेरचेच," ते समाधानानं म्हणाले. "अर्थात आम्ही तसलं काही मानत नाही."

हे शेवटचं वाक्य मी सोलापुरात इतकं ऐकलं की पुढे पुढे कोणी ते बोललं की आता काय मानायचं निघालं आहे याची मी वाट पाहू लागलो.

दुपारी ओसरीच्या खाली एक बाई येऊन उभी राहिली. पायरी चढली नाही. वाळलेली, काळीसावळी, केसांत गिरणीतल्या कापसाचा भुगा. बोलण्याआधी तिला खोकला आवरावा लागत होता. पाळकसाहेबांनी ओळख करून दिली: ही रूथबाई, मांगवाड्यातून नवऱ्यासह मंडळीत आली, नवरा पुढे वारला. तेवढ्यात याकोबराव म्हणाले, "काय गं यल्लव्वा, काय काम?" मंडळीतल्या सगळ्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी नवी नावं मिळाली होती आणि ती चालतही होती. हिचं तेवढं जुनंच चाललं होतं.

"सायेब, त्या कामाचं काय झालं म्हनून आले," रूथबाई म्हणाली.

काम असं होतं. बोर्डिंगची स्वयंपाकीण आपल्या गावी निघून गेली होती आणि ती जागा रूथबाईला हवी होती. गिरणीतली पूड छातीत बसली आहे, तिथंच राहिलीस तर फार दिवस काढणार नाहीस, असं दवाखान्यात तिला सांगितलं होतं. मिशन चालवणाऱ्या अमेरिकन मडमसाहेबांची ना नव्हती. पण बोर्डिंगातल्या मुली तिच्या हातचं जेवतील का, आणि जेवल्या तर त्यांचे आईबाप काय म्हणतील, यावर मंडळीच्या वडिलांच्या तीन बैठका झाल्या होत्या. कोणाचीच हरकत नव्हती. प्रत्येकाला दुसऱ्याच्या हरकतीची काळजी होती.

"मी तोडगा काढला आहे," पाळकसाहेब मला म्हणाले. "प्रीतिभोजनाला घरोघरच्या भाकरी येतात. सगळ्या एकाच दुरडीत मिसळतात. रूथबाईच्या भाकरी मंडळीनं आनंदानं खाल्ल्या, की मग कोणाला बोलायला जागा राहत नाही."

मला हा तोडगा शहाणपणाचा वाटला. "म्हणजे झालंच की काम," मी म्हणालो.

पाळकसाहेब कडुलिंबाकडे पाहू लागले. पाळकीणबाईंनी किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. रूथबाई खोकत खोकत निघून गेली.

गड्डा

पहिल्या दिवशीच्या उपदेशात मी प्रीतीवर तासभर बोललो. बायकांनी डोळे पुसले, याकोबरावांनी सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मी मंडळी दिसेना, म्हणून मीही तिला शोधायच्या निमित्तानं जत्रेत गेलो.

गड्ड्याची जत्रा आमच्याकडच्या जत्रांसारखी नाही. आमच्याकडे एका गावाची माणसं जमतात आणि एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. इथं सिद्धेश्वराच्या तळ्याच्या कडेनं तीन-चार भाषा गर्दी करून चालतात. विणकरांच्या बायका तेलुगूत घासाघीस करतात, कासार त्यांना दखनीत उत्तर देतो, अक्कलकोटकडचा शेतकरी कानडीत मधेच आपलं मत सांगतो आणि सौदा पटतो. उसाच्या मोळ्या, मातीचे बैल, पाळणे, धूळ. भज्यांच्या कढईपाशी मला याकोबराव सापडले. धर्मपुस्तिका वाटायला आलो होतो, असं त्यांनी सांगितलं. पुस्तिका कुठं दिसल्या नाहीत, भजी मात्र दोन पानं होती. त्यातलं एक त्यांनी माझ्यापुढे केलं.

भज्यांनी माणूस मोकळा होतो. मी म्हणालो, "उद्या रूथबाईच्या भाकरी लोक खातील ना?"

"मास्तर, तुम्ही नवीन आहात," ते मायेनं म्हणाले. "दुरडी एकच असते, पण प्रत्येक घराची खूण असते. गिरणीतल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, घरची भाकरी मधे बोटानं दाबलेली. बोर्डिंगच्या शिक्षिकेची कडेला चिमटे काढलेली. आमची खसखस लावलेली. पाळकीणबाईंची तीळ लावलेली, ती पाहुण्यांना नि मडमसाहेबांना. वाढायला मी असतो. ज्याची त्याला, किंवा ज्याला जी चालेल ती. कोणाचं मन दुखवायचं नाही."

"मडमसाहेबांना हे ठाऊक आहे?"

"छे. त्या दर वर्षी त्या दुरडीबद्दल अमेरिकेला लिहितात. उगीच त्यांना कशाला वाईट वाटू द्यायचं."

"आणि रूथबाईची खूण कोणती?"

याकोबरावांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तिला खूण कशाला पाहिजे? जिला खूण नाही ती तिची. तिच्या भाकरी ती शेवटी येऊन वर ठेवते, मी त्या बाजूला सारतो. जाताना ती घेऊन जाते. आजवर कधी तक्रार नाही. आम्ही तसलं काही मानत नाही, पण सगळ्यांचं बघावं लागतं."

मी भज्यांचं पान खाली ठेवलं. माणसं भेदभाव करतात हे मला नवीन नव्हतं. पण भेदभाव नाहीसा झाल्याचा समारंभ करून त्याच समारंभात तो इतक्या नीटनेटकेपणानं पाळायचा, त्यासाठी पीठ मळतानाच काळजी घ्यायची, ही अक्कल मी पहिल्यांदाच पाहत होतो. हिंदूंना हे जमलं नसतं. त्यांना लपवायची गरजच पडत नाही.

संध्याकाळच्या उपदेशात मी सगळा राग ओतला. दुरडीचं नाव घेतलं नाही, पाहुणा होतो. पण ढोंगाबद्दल इतकं बोललो की घसा बसला. उपासना संपल्यावर याकोबरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "फार झोंबणारं बोललात मास्तर," ते म्हणाले. "पलीकडच्या मिशनच्या लोकांनी ऐकायला हवं होतं."

पंगत

तिसऱ्या दिवशी उपासनामंदिरामागच्या अंगणात तरटं अंथरली गेली. मटणाचा रस्सा मडमसाहेबांच्या बंगल्यावरच्या मुसलमान खानसाम्यानं केला होता, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. मधोमध पांढऱ्या कापडावर ती दुरडी, गाडीच्या चाकाएवढी. पाळकीणबाईंनी मानाप्रमाणे पहिल्यांदा आपल्या भाकरी ठेवल्या, मग एकेक घर येत गेलं. रूथबाई सगळ्यांच्या शेवटी, लोक पंगतीत जागा धरत असताना आली, फडक्यातल्या भाकरी दुरडीवर सोडल्या आणि पाण्याची घागर घेऊन पंगतीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पाळकसाहेबांनी आपण सगळे कसे एका देहाचे अवयव आहोत अशा अर्थाची लांब प्रार्थना केली. मडमसाहेब तरटावर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर पायांना रग लागल्याचं दुःख आणि मंडळीबद्दलचा आनंद एकदमच दिसत होता.

याकोबराव वाढायला उठले आणि दुरडीपाशी क्षणभर थबकले. वरच्या थरात तीळ लावलेल्या भाकरी होत्या, आणि पुष्कळ. बिनखुणेची एकही नव्हती. पाहुणा आहे म्हणून पाळकीणबाईंनी यंदा जास्त केल्या, मागून आणून वर ठेवल्या आणि रूथबाईनं आणल्याच नाहीत, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. त्यांचा चेहरा खुलला. मला दोन, मडमसाहेबांना दोन, मग मंडळीच्या वडिलांना, शिक्षकांना, जॉबरच्या घरच्यांना. तिळाची भाकरी ताटात पडली की माणूस जरा ताठ बसत होता. भाकरी होतीही तशीच: पातळ, कडक, पापुद्रा सुटलेला, रश्श्यात बुडवली तरी अंग धरून राहणारी. मी चार खाल्ल्या.

"पाळकीणबाई, यंदा हात काही औरच लागलाय," कोणीतरी म्हणालं. "अशी भाकरी या आवारात झाली नव्हती," दुसऱ्यानं भर घातली. मडमसाहेबांनी अर्धी भाकरी उंच धरून पाळकीणबाईंना आपल्या पुस्तकी मराठीत विचारलं, "शांताबाई, ह्या भाकरी तुम्हीच केल्या काय?"

वाढायला फिरणाऱ्या पाळकीणबाई कौतुकानं फुलल्या होत्या. त्यांनी दुरडीतून एक भाकरी उचलली, उलटली, आणि त्यांचं हसू गेलं. बाईला आपल्या हातची भाकरी ओळखू येते. त्यांना 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. मी पाहत होतो, त्यांच्या ओठांवर ते आलंही होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या तळाला आहेत. ह्या माझ्या नव्हेत."

"मग ह्या कोणाच्या?"

"माज्या हायत्या," पंगतीच्या टोकाकडून रूथबाई म्हणाली.

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. काही जणांच्या तोंडात घास होता. तो गिळायचा की काय करायचं हे त्यांना ठरवता येईना. जॉबरची म्हातारी आई ठार बहिरी. तिनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "आनखी एक वाढ रं. चांगली हाय."

याकोबरावांचा फेटा थरथरला. "ही फसवणूक आहे," ते म्हणाले. "तीळ ही पाळकीणबाईंची खूण आहे. हिनं खूण चोरली."

"खूण?" मडमसाहेबांनी विचारलं. "भाकरीवर खूण कशासाठी, याकोबराव?"

अशी शांतता मी माझ्या एकाही उपदेशाला मिळवू शकलो नव्हतो. याकोबरावांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी रश्श्याकडे. रूथबाईवर आरोप ठेवायचा तर आधी खुणांची गोष्ट सांगायला हवी होती, आणि ती सांगितली की इतक्या वर्षांचं प्रीतिभोजन मडमसाहेबांपुढे उघडं पडत होतं. अखेर याकोबराव म्हणाले, "म्हणजे, तीळ भोगीला लावतात. हिंदूंची रीत. ख्रिस्ती माणसाला ते शोभत नाही."

"पण शांताबाईही लावतात," मडमसाहेब निरागसपणे म्हणाल्या, "आणि मला फार रुचतात. रूथ, तू उत्तम भाकरी केलीस. पाळकसाहेब, सर्वांनी आनंदाने खाल्ल्या, होय ना? तुम्ही किती प्रेमळ लोक आहा." पाळकसाहेबांनी सवयीनं 'हो' म्हटलं. "मग बोर्डिंगाचं शांताबाईंनी ठरवावं. स्वयंपाकघर त्यांचं आहे," असं म्हणून त्या जेवू लागल्या. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

पंगत उठली. त्या दिवशी लोकांनी चुळा जरा जास्तच भरल्या. एक बाई कडुलिंबामागे जाऊन आली आणि कोणाकडे न पाहता तोंड धुऊ लागली. मी घागरीपाशी गेलो.

"रूथबाई, खुणा तुम्हाला ठाऊक होत्या?"

"व्हय की. समद्या मंडळीला ठावं हाय. मडमला तेवढं न्हाय." तिला खोकला आला, तो आवरून ती म्हणाली, "चार वरसं माज्या भाकरी घरला परत न्हेते मी. शेरडांना घालते. यंदा म्हटलं, एक डाव मानसांनी खाऊन बगू दे. मग ओकायचं तर ओकू देत."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की, लई वाटली. आता बाई न्हाय म्हनाल्या तर परत गिरनीतच जायचं हाय मला."

प्रीतीवर मी दोन दिवस बोललो होतो. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःच्या बसलेल्या घशाची लाज वाटली. काम तिला मिळावं असं मला तेव्हा इतकं वाटलं, जितकं स्वतःच्या नोकरीच्या वेळीही वाटलं नव्हतं.

तिकडे वाढणाऱ्यांची मागची पंगत बसली होती आणि पाळकीणबाई दुरडी घेऊन वाढत होत्या. आता दुरडीत राहिल्या होत्या त्या त्यांच्याच भाकरी. पण तीळ दिसले की बायका ताटावर आडवा हात धरत होत्या.

"नको बाई, पोट भरलं."

"अगं, ह्या माझ्या आहेत. मी केल्यात," पाळकीणबाई म्हणाल्या.

"हो, हो," त्या बाईनं हसून म्हटलं आणि हात काढला नाही. तिच्या शेजारणीनंही काढला नाही. पाळकीणबाई पंगतीच्या टोकापर्यंत गेल्या आणि भरली दुरडी तशीच घेऊन परत आल्या. ब्राह्मण आजोबांचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही. त्या दुरडीपाशी एकट्याच उभ्या राहिल्या. मला त्यांचं हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही.

रूथबाईनं घागर खाली ठेवली. रिकामं ताट घेतलं, सगळं अंगण ओलांडलं आणि पाळकीणबाईंच्या पुढ्यात जाऊन बसली.

"बाई, मला वाढा की. मी जेवले न्हाय अजून."

पाळकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. टोमणा आहे की काय, हे बहुधा शोधत होत्या. मग वाकून त्यांनी तिच्या ताटात दोन भाकरी ठेवल्या. रूथबाई जेवू लागली. गिरणीत राबणारं माणूस जेवतं तशी, भराभर, मन लावून. थोड्या वेळानं पाळकीणबाई गुडघ्यावर हात ठेवून तिच्यासमोर खाली बसल्या.

"वातड झाली का गं?"

"झाली जरा," रूथबाई म्हणाली. "पर रश्श्यात भिजंल की."

याकोबराव दोन पावलांवर भांडी मोजल्याचं सोंग करत उभे होते. पाळकीणबाईंनी कमरेच्या जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली.

"बोर्डिंगचा तवा मधे खोल गेलाय," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर भाकरी फुगत नाही. उद्या सकाळी येशील तेव्हा माझा घरचा ने."

रूथबाईचा घास हातातच राहिला. "आन् मग तुमी कशावर करनार?"

"तुझ्या झाल्या की माझ्याकडे धाडून दे. मग माझ्या करीन."

"धुऊन धाडते," रूथबाई म्हणाली.

"धुऊ नको," पाळकीणबाई म्हणाल्या. "गरम आहे तोवरच धाड."